पंचनाम्यात न आलेलं नुकसान : पूरग्रस्त भागातल्या दहावी-बारावीच्या मुलांसाठी खुलं पत्र

प्रति,
शालेय शिक्षण, सार्वजनिक आरोग्य आणि मदत व पुनर्वसन ही खाती सांभाळणारे राज्याचे मंत्री व अधिकारी,
तसेच मराठवाड्यातल्या माध्यमिक शाळांचे संस्थाचालक,

स.न.वि.वि.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात, सीना नदीच्या पट्ट्यातल्या एका अनुदानित शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. दहावीचा वर्ग माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात शाळेत एक सूचना वाचून दाखवली गेली, त्यावरून हे पत्र लिहिते आहे. पुरामुळे बुडालेला अभ्यासक्रम भरून काढण्यासाठी रोज दोन जादा तास घ्यायचे, रविवारी वर्ग भरवायचा, दर शनिवारी सराव चाचणी घ्यायची आणि चाचणीत मागे पडणाऱ्या मुलांची वेगळी यादी करून वर पाठवायची, असं त्यात आहे. यादीत ‘कारण’ असा एक रकाना आहे आणि तो भरायला तीनच पर्याय दिलेत : अनियमित हजेरी, अभ्यासात रस नाही, पालकांचं दुर्लक्ष.

ती यादी मी भरलेली नाही.

२२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापना होती. त्या आठवड्यात सीनेला जे पाणी आलं, ते आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. भूम-परंड्यात बोटी आणल्या, हेलिकॉप्टरनं माणसं उचलावी लागली. मांजरा, तेरणा, सिंदफणा, गोदावरी, सगळ्यांच्या काठांवर कमी-अधिक हेच झालं. नांदेडच्या मुखेडमध्ये तर ऑगस्टमध्येच गावात पाणी शिरून माणसं गेली होती. त्यानंतर शासनानं ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख देऊ म्हणालात, विद्यार्थ्यांचं परीक्षा शुल्क माफ केलंत, लोकसेवा आयोगाची २८ सप्टेंबरची पूर्वपरीक्षा ९ नोव्हेंबरला नेलीत. याबद्दल माझी तक्रार नाही, उलट आभार आहेत. आपत्तीत सापडलेल्या परीक्षार्थीला वेळ द्यावा लागतो, हे त्यातून तुम्ही मान्य केलंत. तेच पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत मान्य करा, असं माझं म्हणणं आहे. बारावीची लेखी परीक्षा १० फेब्रुवारी २०२६ ला सुरू होतेय, दहावीची २० फेब्रुवारीला. वेळ फार थोडा उरलाय.

आता माझ्या वर्गाबद्दल. मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील थोडे बदललेत, पण गोष्टी खऱ्या आहेत.

एक मुलगा रोज दप्तरात घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं, रेशन कार्ड आणि बापाचं बँकेचं पासबुक खताच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळून आणतो. आईनं सांगितलेलं नाही, तो स्वतःहून आणतो. मध्यंतरी एका दुपारी आभाळ भरून आलं. पाऊस नव्हता, वाराही नव्हता. त्यानं तास चालू असताना वह्या आवरल्या, दप्तर पोटाशी धरलं आणि दाराकडे बघत बसला. मी विचारलं, तर म्हणाला, “काही नाही मॅडम, शिकवा तुम्ही.” पुढची वीस मिनिटं मी शिकवत होते, आणि तो वर्गात नव्हता.

एक मुलगी नववीपर्यंत माझ्या विषयात पहिली येत होती. पुराच्या रात्री त्यांची म्हैस गोठ्यातच गेली. ती मला मधल्या सुट्टीत म्हणाली, “दावं मीच बांधलं होतं मॅडम. संध्याकाळी. आई म्हणली होती सैल ठेव.” घरात तिला कोणीही बोललेलं नाही. पंचनामा झाला, दुधाळ जनावराचे पैसेही ठरले. पण ती आजही त्या दाव्याच्या गाठीपाशीच थांबलीय. सहामाहीच्या गणिताच्या उत्तरपत्रिकेत तिनं नाव, इयत्ता, तुकडी सुंदर अक्षरात लिहिली होती. खाली पहिला प्रश्न उतरवला होता. त्याच्याखाली तोच प्रश्न पुन्हा उतरवला होता. बाकी पानं कोरी. तुमच्या रकान्यात तिच्यासमोर मी काय लिहू? अभ्यासात रस नाही?

तिसरा मुलगा उद्धट झालाय, असं शिक्षककक्षात सगळे म्हणतात. तो उलट बोलतो, बाक आपटतो, वही दाखवत नाही. वही दाखवत नाही, कारण ती पुरात भिजलेली आहे. पत्र्यावर वाळवून तिची पानं लाकडासारखी कडक झालीत. बॉलपेननं लिहिलेलं वाचता येतं, जेलपेननं लिहिलेलं सगळं निळ्या डागांत गेलंय. त्यानं जूनपासूनच्या नोट्स जेलपेननं लिहिल्या होत्या. पुस्तकं शाळेनं दुसरी दिली. नोट्स कोण देणार?

अशा मुलांचं काय होतं, हे वैद्यकशास्त्राला नवीन नाही. जीव धोक्यात आल्याचा अनुभव घेतलेलं शरीर पुढं कित्येक आठवडे, काही जणांत कित्येक महिने, धोका अजून संपलाच नाही असं समजून जागं राहतं. झोप तुटते. वाईट स्वप्नं पडतात. बारीकशा आवाजानं दचकायला होतं. त्या प्रसंगाची आठवण करून देणारी जागा, वाट, वास टाळला जातो. चिडचिड वाढते, आणि किशोरवयात तर दुःख बऱ्याचदा चिडचिडीच्याच रूपात दिसतं. आपल्यामुळे घडलं, ही टोचणी त्यातलंच एक लक्षण आहे. महिना उलटूनही हे सगळं टिकून राहिलं आणि रोजचं जगणं त्यानं अडवलं, तर डॉक्टर त्याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताण-विकार, म्हणतात.

याचा अभ्यासावर काय परिणाम होतो, तेही समजून घ्या. दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसायला झोप लागते. झोपच नसेल तर दोन तास वाचलेलं सकाळी आठवत नाही. मूल घाबरतं, अजून जास्त वेळ बसतं, अजून कमी झोपतं. आधी थकवा येतो. मग अभ्यासाची शिसारी येते. मग ‘आपल्याला जमणारच नाही’ हे मनात घट्ट होतं. माझ्या वर्गातल्या एकीच्या शब्दांत सांगते : “वाचतेय मॅडम, पण डोक्यात शिरंनाच झालंय.” या अवस्थेतल्या मुलावर रोज दोन जादा तास आणि शनिवारची चाचणी घालणं म्हणजे ओल्या लाकडावर फुंकर मारत बसणं. धूर तेवढा होतो.

२००८ च्या मे महिन्यात चीनमध्ये सिचुआन प्रांतात मोठा भूकंप झाला. तिथल्या संशोधकांनी किशोरवयीन मुलांचा पुढं कित्येक वर्षं पाठपुरावा केला. ज्यांच्यात आघाताची लक्षणं जास्त, त्यांच्यात अभ्यासाचा हा थकवाही जास्त, असं त्यांना आढळलं. शिवाय तिथल्या सरकारनं जूनमधली विद्यापीठ प्रवेश परीक्षा भूकंपग्रस्त तालुक्यांपुरती जुलैपर्यंत पुढं ढकलली. तिथं लाखो मुलांचं आयुष्य त्या एका परीक्षेवर ठरतं, तरी ढकलली.

पण चीन लांब राहिला. किल्लारी तर आपलीच आहे ना?

३० सप्टेंबर १९९३ ला मी स्वतः दहावीत होते, उमरगा तालुक्यात. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. पहाटे चारच्या सुमारास जे झालं ते मी इथं लिहीत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. पुढं काय झालं ते कमी लोकांना माहीत आहे. त्या थंडीत आमची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरली, आणि मार्चमध्ये आम्ही बोर्डाला बसलो. गाडी गेली आणि पत्रा थरथरला की अख्खा वर्ग बाहेर पळायचा. गुरुजीही पळायचे. मग सगळे परत आत येऊन बसायचे आणि धडा पुढं चालू व्हायचा. कोणी काही विचारत नव्हतं, कारण विचारायचं असतं हे कोणाला ठाऊक नव्हतं. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होती. ती नापास झाली. भाऊ गेला होता तिचा. ‘पोरीचं डोकं चालत नाही’ असं ठरलं आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी पास झाले, बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, आणि अजूनही दाराजवळच झोपते.

तेव्हा मुलांचा विचार कोणीच केला नाही, असं मात्र नाही. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकारानं भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुलं पुण्याला नेली आणि शिकवली. त्यातली कितीतरी आज पायावर उभी आहेत. मुलांकडे वेळेवर लक्ष दिलं तर काय होऊ शकतं, ते महाराष्ट्रानं तेव्हाच पाहिलंय. किल्लारीच्या लोकांच्या मानसिक आजारांवर डॉक्टरांनी अभ्यासही केले, वैद्यकीय नियतकालिकांत ते छापून आले. ५२ गावं नव्यानं वसवली गेली. ज्या राज्यानं एवढं केलं, त्यानं ३२ वर्षांनंतर आमच्या मुलांना ‘रस नाही’च्या रकान्यात घालावं, हे मला सहन होत नाही.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार जादा तासांची. आमची मुलं लांबच्या वस्त्यांवरून येतात. संध्याकाळचे दोन तास वाढले की घरी पोचायला अंधार होतो, आणि ज्या ओढ्यानं घर नेलं तो ओढा अंधारात ओलांडावा लागतो. दोन मुलींनी त्यामुळे शाळाच सोडायचं ठरवलं होतं. त्यांच्या घरी जाऊन बोलावं लागलं. खेळाचा तास तर पहिल्याच दिवशी रद्द झाला. घाबरलेल्या शरीराला पूर्ववत आणण्यात खेळाचा मोठा वाटा असतो, आणि तोच आधी गेला.

दुसरी, वेगळ्या यादीची. मागे पडलेल्यांची यादी कागदावर राहत नाही, ती वर्गात फुटते. आठवड्यात ‘यादीवाले’ हे नाव पडलं. सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, त्यांना चारचौघांत लाज वाटेल असं वागवू नये, कुवतीबाहेरची उद्दिष्टं लादू नयेत, असं त्यात म्हटलंय. रोख मुख्यतः कोचिंग क्लासेसवर होता, पण आमच्याकडच्या शाळा आता त्याच पद्धतीनं चालतात. लातूर आम्हाला जवळ आहे, आणि दहावीपासूनच वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचं वारं अंगात शिरतं. त्याच सूचनांमध्ये असंही आहे की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. आमच्या शाळेत शंभराच्या कितीतरी वर मुलं आहेत. समुपदेशक नाही. आसपासच्या ज्या शाळा मला माहीत आहेत, त्यांतही नाही.

तिसरी तक्रार, समुपदेशनाच्या नावाखाली जे झालं त्याची. एक पाहुणे आले. आठवी ते दहावीची सगळी मुलं मैदानात बसवली. तासभर भाषण झालं : संकटाला संधी माना, मन खंबीर ठेवा. शेवटी फोटो काढले आणि अहवाल गेला. पाहुण्यांचा हेतू वाईट नव्हता, एवढं मी त्यांच्या बाजूनं म्हणेन. पण दाव्याची गाठ मनात घेऊन बसलेली मुलगी तीनशे मुलांत हात वर करून बोलेल का? शिक्षकांना मोबाइलवर एक व्हिडिओ आणि भरायला एक लिंक आली. बस. वर्गातला कोण मुलगा आपोआप सावरेल आणि कोणाला डॉक्टरांकडे न्यावं लागेल, हे ओळखायला आम्हाला कोणी समोर बसून शिकवलेलं नाही. आम्हा शिक्षकांतल्याही काहींची घरं बुडाली होती, हे तर कोणाच्या लक्षातच नाही.

हेल्पलाइन आहे, हे मला माहीत आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मी फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवलाय, तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक मुलानं तो लिहून घ्यावा. पण आमच्याकडे फोन बापाच्या खिशात असतो. घर म्हणजे सध्या एक खोली किंवा ताडपत्री. तिथं आजी, आई, धाकटी भावंडं सगळी जवळ बसलेली असताना पंधरा वर्षांची पोर फोनवर काय सांगणार?

चौथी, हजेरीची. जमीन खरडून गेल्यावर यंदा पहिल्यांदाच काही घरं कोयत्याला गेली. बीडसारखी ऊसतोडीची सवय आमच्या या पट्ट्यातल्या सगळ्यांना नव्हती. त्या मुलांच्या नावापुढं गैरहजेरी लागतेय आणि मुख्याध्यापक ७५ टक्क्यांचा नियम दाखवतात. मुलींचं तर विचारूच नका. पाणी आणि स्वयंपाक त्यांच्यावर, आणि ‘यंदा बसली नाही बोर्डाला तरी चालेल’ हे वाक्य त्यांच्याच घरात आधी उच्चारलं जातं. त्याच्या मागून स्थळं येतात.

दाखले, टीसी, जातीची प्रमाणपत्रं भिजून गेली त्यांचं काम बरंचसं मार्गी लागलंय, ते मी तक्रारीत धरत नाही.

माझ्या मागण्या अवास्तव नाहीत. सरसकट पास करा असं मी म्हणत नाही. तसं केलंत तर आमच्या मुलांच्या गुणपत्रिकेवर कायमचं बोट ठेवलं जाईल. शाळा बंद ठेवा असंही म्हणत नाही. रोज ठरल्या वेळी घंटा होणं, ओळखीचे शिक्षक, मित्रांसोबतचा डबा, यातूनच बहुतेक मुलं सावरतात, आणि सावरतील. पण थोडी मुलं त्यानं सावरणार नाहीत. त्यांच्यासाठी औषधोपचार आणि बोलणारं माणूस लागेल. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं आपत्तीतल्या मनोसामाजिक आधाराबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २००९ सालीच काढली आहेत. ती कपाटातून काढून आमच्या तालुक्यात आणा.

तर मागते ते हे.

जादा तासांची आणि मागे पडलेल्यांच्या यादीची सूचना पूरग्रस्त तालुक्यांत तत्काळ मागे घ्यावी. उरलेल्या दिवसांत कोणते धडे घ्यायचे आणि किती, हे त्या त्या शाळेच्या शिक्षकांना ठरवू द्यावं. खेळाचा तास परत द्यावा. हे करायला एक रुपयाही लागत नाही.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक परीक्षेच्या आधी प्रत्येक पूरग्रस्त शाळेत एकदा यावं आणि नंतर ठरलेल्या वारी येत राहावं. मुलांशी एकेकट्यानं बोलावं, सभा घेऊ नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर आमच्याकडे येऊन मुलांचे दात, डोळे, वजन तपासतात; त्याच भेटीत झोप आणि भीतीबद्दलचे चार प्रश्न विचारले तर निम्मं काम होईल. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतली किशोरवयीनांसाठीची मैत्री क्लिनिक शाळा सुटल्यानंतरच्या वेळेत उघडी ठेवावीत. ‘प्रेरणा प्रकल्पा’त आशाताई शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करायला घरी येतात, त्यांना त्या घरातल्या मुलांचीही विचारपूस करायला सांगावं.

मंडळानं पूरग्रस्त भागातल्या ज्या मुलाला फेब्रुवारीत बसणं झेपत नाही, त्याला पुरवणी परीक्षेला बसू द्यावं आणि तो त्याचा पहिलाच प्रयत्न धरावा. त्यामुळे शिष्यवृत्ती, अकरावीचा प्रवेश, वसतिगृह यांत त्याचं नुकसान होऊ नये. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञाचा दाखला मागू नका, तालुक्यात ते भेटत नाहीत. मुख्याध्यापक आणि वैद्यकीय अधिकाऱ्याची सही पुरेशी धरा. दहावीचे २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. भिजलेल्या वह्या आणि जर्नलांमुळे त्यातले गुण कापले जाऊ नयेत, असं लेखी कळवावं. स्थलांतरित घरांतल्या मुलांची हजेरीची अट यंदा शिथिल करावी, आणि त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं आमच्या तालुक्यातही सुरू करावीत.

आणि हे सगळं मार्चमध्ये संपवू नका. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस येईल, सीना पुन्हा भरेल, तेव्हा आज ठीक दिसणारी मुलंही हबकतील. निदान दोन पावसाळे तरी समुपदेशक आमच्या शाळांमध्ये असला पाहिजे, आणि मानधनाची तरतूद येत्या अर्थसंकल्पात झाली पाहिजे.

संस्थाचालकांना वेगळं एक सांगते. निकाल शंभर टक्के लागला की फलक लावता, पेढे वाटता, त्याचा आम्हा शिक्षकांनाही अभिमान असतो. यंदा तो आकडा शिक्षकांच्या डोक्यावर ठेवू नका. तो शेवटी मुलांच्याच डोक्यावर येतो.

या पत्राचं उत्तर माझ्या नावानं नको. ते प्रत्येक पूरग्रस्त शाळेच्या मुख्याध्यापकांकडे लेखी पाठवा, बारावीचा पहिला पेपर होण्याआधी, म्हणजे ते सूचना फलकावर लावता येईल आणि मुलांना व पालकांना स्वतः वाचता येईल.

आपली,
सीनेच्या पट्ट्यातली एक माध्यमिक शिक्षिका